पेट्रोलच्या गाडीत डिझेलचा धूर

तुमच्या या सदरातले अनुभव मी नेमानं वाचतो, पण चुका काढायला. पांढरी बाई दिसली म्हणे... दिसली तर उजेड कुठून होता, अंतर किती होतं, हे कोणी लिहीत नाही. मी जबलपूरला लष्करी ट्रक जुळवणाऱ्या कारखान्यात तपासनीस होतो. दोष दिसला की कारण शोधायचं, एवढंच आयुष्यभर केलं. म्हणून हे लिहिताना माझी मलाच चीड येऊन राहिली आहे.

एकाहत्तरची लढाई लागायच्या आसपासची गोष्ट. कारखान्यात डबल ड्युटी. बदली होऊन गेलेल्या एका साहेबांची जुनी पेट्रोल मोटार मी घेतली होती. कंपनीचं नाव सांगत नाही, बिचाऱ्या कंपनीचा काही दोष नव्हता. गाडी घरी आली आणि आठवड्याभरात आत धुराचा वास यायला लागला. आमची चार वर्षांची बेबी मागच्या सीटवर दोनदा ओकली. सायलेन्सरचा धूर बंद गाडीत साचला तर माणूस झोपेतच जातो, हे मला चांगलं ठाऊक होतं. त्या दिवशीपासून बेबीला गाडीत बसवणं बंद.

मग लागलो मागे. ओलं फडकं घेऊन धुराच्या नळीचं तोंड दाबलं आणि कुठं फुसफुसतं ते ऐकलं. इंजिनाजवळच्या जोडातून हवा येत होती. त्या जोडातलं गॅस्केट बदललं. सायलेन्सरचा क्लॅम्प नवा घातला. डिकीच्या रबराला खडू फासून झाकण दाबलं, तर एका कोपऱ्यात खडू उमटलाच नाही... म्हणजे तिथं फट. रबर बदललं. पेडलजवळची, वायरींची, तळाच्या पत्र्यातली सगळी भोकं बुजवली.

वास तसाच!

माझी बायको सुमन म्हणाली, "अहो, तुम्ही इतक्या गाड्या पास करता, ही एक काहून होत नाही?"

मी परत गाडीखाली शिरलो.

शेवटी गोहलपूर मोहल्ल्यातल्या रशीद मिस्त्रीकडे नेली. त्यांनी काचा चढवल्या, पाच मिनिटं आत बसले आणि बाहेर येऊन म्हणाले, "बाबूजी, लीक तो कहीं नहीं है। और ये धुआँ इस गाड़ी का है ही नहीं। ये डीज़ल है।"

मी आत डोकं घातलं आणि लाजलो. दिवसभर डिझेलच्या ट्रकांत नाक खुपसणारा माणूस मी... आणि हे मला कळू नये? सांडलेल्या डिझेलचा वास नव्हता तो, जळलेल्या डिझेलचा होता. सीटा काढून उन्हात टाकल्या. कारखान्याचे कपडे घालून गाडीत बसणं सोडलं. काही फरक नाही.

त्या रविवारी बरगीकडच्या एका गावात सुमनच्या मावशीला बघायला जायचं होतं. मावशी आजारी, बस मिळेना. वास त्या दिवशी अजिबात नव्हता, म्हणून बेबीलाही घेतलं. दुपारचे दोन वाजले असतील. रेल्वेचं फाटक बंद होतं. मी इंजिन बंद केलं. आगगाडी अजून यायची होती. पुढं एक बैलगाडी, बाजूला दोन सायकलवाले, एवढेच. थंडी होती म्हणून काचा वर.

आणि आत धूर भरला. दिसत नव्हता, पण डोळे चुरचुरायला लागले, घसा धरला. बंद इंजिनाच्या गाडीत! मी मागं वळून बेबीला उचलायला गेलो, तेवढ्यात सुमन ओरडली, "अरे, खिडकी उघड ना! झोपून काय राहिला, ऊठ!"

आम्ही तिघंही जागे होतो. मी दारं उघडली. वास गेला... तो कायमचाच.

"कोणाला म्हणून राहिली होतीस?" मी विचारलं.

ती घामानं भिजली होती. "माहीत नाही," म्हणाली. मला ती कधी अरेतुरे करत नाही. घरात फक्त एकाला करायची, तिच्या धाकट्या भावाला, बंडूला. तो फौजेत ट्रक ड्रायव्हर, तेव्हा पश्चिमेच्या सीमेवर.

लढाई संपल्यावर बंडू रजेवर आला. जेवताना सहज म्हणाला, "ताई, मी तर गेलोच होतो." दगडावर आपटून त्याच्या ट्रकची धुराची नळी फुटली होती. ट्रकांच्या रांगेत थांबलेला, इंजिन चालू, थंडीमुळं काचा बंद. डोकं जड झालं आणि गुंगी आली. "तू खिडकी उघड म्हणून ओरडलीस. मला वाटलं घरीच आहे. काच उघडली, दार ढकललं आणि खाली पडलो."

सुमननं त्याला फाटकाचं काही लिहिलं नव्हतं. मी तिथंच दोघांना वेगवेगळं विचारून घेतलं. पण वार कोणता, वेळ काय, हे बंडूला सांगता येईना.

"भाऊजी, तिथं कुठला रविवार आणि कुठला सोमवार."

आता तारखेशिवाय मी काय जुळवणार? आणि त्याची नळी एका दिवशी फुटली, आमच्या गाडीत वास तर तीन आठवडे आधीपासून. हेही बसत नाही. सुमनला विचारलं, तर म्हणाली, "तो जिवंत आहे ना? मग भाजी वाढू का?" तिला याचं नवल कधी वाटलंच नाही, आणि त्याचाच मला जास्त राग येतो.

बंडू आता नागपूरला असतो, नातवंडं आहेत. फोन केला की पहिलं हेच विचारतो, "भाऊजी, सापडलं का कारण?"

मी म्हणतो, "शोधून राहिलो."