ऱ्हाईनचे किल्ले आणि करामाचं टायपिंग सेंटर

निवृत्तीनंतर मला जर्मनीला जायचं होतं. एम.ए.ला मध्ययुगीन जर्मन सरदार घराणी हा माझा विषय होता आणि पुढे कॉलेजात मी तोच शिकवला. कोणत्या घराण्याच्या किती शाखा फुटल्या, कोणता बुरूज कुणाच्या वाट्याला गेला, हे मला नातेवाइकांच्या वाढदिवसांपेक्षा चांगलं ठाऊक आहे. ऱ्हाईनकाठचे किल्ले एकदा डोळ्यांनी पाहावेत, एवढीच इच्छा. त्याऐवजी मी दुबईला गेले, कारण धाकट्या भावाने तिकीट पाठवलं. मिलिंद फोनवर म्हणाला, "ताई, ये आठ दिवस, फीर, आराम कर. आणि हो, सांगलीच्या घराचा एक कागद आहे, तेवढी सही करून टाक."

तेवढी सही! राग तिथेच आला. तरी गेले. सही हवी असेल तर समोर बसून मागू दे, म्हटलं.

मंदीने त्याचं काय केलं हे मला माहीत होतं. बाजार चढता असताना त्याने एका टॉवरमध्ये फ्लॅट बुक केला आणि पुढच्या तारखांचे चेक देऊन ठेवले. टॉवर पायाच्या वर आलाच नाही. नोकरी गेली, नवी मिळाली ती निम्म्या पगाराची. चेक परत गेला तर तिथे तुरुंग. म्हणून वडिलांचं सांगलीचं घर विकायचं. त्यात गैर काहीच नव्हतं. पण विकण्याआधी मी हक्कसोडपत्र करून द्यायचं होतं, म्हणजे घर त्याच्या एकट्याच्या नावावर होईल आणि गिऱ्हाईक खोळंबणार नाही.

पूर्वी ही मंडळी शारजात, अल मजाजला, खाडीकडे तोंड असलेल्या बाराव्या मजल्यावर राहायची. आता दुबईच्या करामा भागात, जुन्या ठेंगण्या इमारतीत, एका फ्लॅटमध्ये दोन कुटुंबं. दुसरं रत्नागिरीचं, माणसं भली. फ्रिजचे कप्पे वाटलेले, बाथरूमच्या वेळा भिंतीवर. भावजय मेधा ओशाळून म्हणाली, "ताई, थोडं ॲडजस्ट करा हं." मी म्हटलं, "अगं, जर्मनीत सरदार असेच राहायचे." खरंच. थोरल्याला सगळं देण्याची रीत तिथे फार उशिरा रुजली. जमीन सगळ्या मुलग्यांत वाटायची, त्यांच्या मुलग्यांत पुन्हा वाटायची, आणि शेवटी एकाच किल्ल्यात तीन-चार शाखा. मग तह लिहायचे: दरवाजा कुणी दुरुस्त करायचा, पहारेकऱ्याला पगार कुणी द्यायचा, भांडण झालं तरी भिंतींच्या आत तलवार उपसायची नाही.

करामा राहायला सोयीचं आहे. भारतीय थाळी बारा दिरहॅम, म्हणजे दीडशे रुपये (मेधा प्रत्येक किंमत दोन्ही चलनांत सांगते, मलाही सवय लागली). मेट्रो नवीकोरी आणि थंडगार, शाल घ्या. मॉल एकच पाहा, बाकीचे तसेच असतात.

शुक्रवारी सुट्टी म्हणून मिलिंद, त्याची चौदा वर्षांची सई आणि मी अल ऐनला गेलो. गाडी विकलेली, तेव्हा बस. वीस दिरहॅम, अडीचशे रुपये, दोन तास. रस्ता आरशासारखा, दोन्हीकडे लालसर वाळू. तिथला जाहिली किल्ला मातीचा, गोल बुरूज एकावर एक टोप्या ठेवाव्यात तसा. प्रवेश फुकट. सकाळीच पोहोचा, दुपारी अंगणात उभं राहवत नाही.

बुरुजाच्या सावलीत सईने माझ्या घराण्यांचा विषय काढला. मी वाळूत काडीने वंशवृक्ष काढून दाखवला. ती बघत राहिली आणि म्हणाली, "आत्या, व्हेअर आर द गर्ल्स?"

"मुलींना लग्नात हुंडा द्यायचे आणि साक्षीदारांसमोर शपथ घ्यायला लावायचे, की बापाच्या जमिनीवर माझा हक्क उरला नाही. काहींना मठात धाडायचे."

"दॅट्स सो अनफेअर! बाबा, इजंट इट?"

मिलिंद पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरवत होता. "अगं, किती शतकांपूर्वीचं ते."

"अँड इफ देअर वॉज ओन्ली अ गर्ल?"

"मग घराणं खलास," मी म्हटलं. "शेवटचा पुरुष गेला की त्याची ढाल उलटी करून त्याच्यासोबत पुरायचे."

सईला भाऊ नाही. तिने बापाकडे पाहिलं. "सो वुई आर फिनिश्ड?"

"छे!" मिलिंद म्हणाला. "माझं आहे ते सगळं तुझंच. दुसऱ्या कुणाचं असणार?"

 हे वाक्य मला जपून ठेवायचं होतं.

रविवार तिथे कामाचा वार; सही साक्षांकित करायला भारतीय वकिलातीत जायचं होतं. (पासपोर्टच्या झेरॉक्स आदल्या दिवशीच काढा, जवळच्या दुकानात दुप्पट घेतात.) आधी टायपिंग सेंटर. तिथे प्रत्येक सरकारी कामाचा कागद अशा दुकानात टाइप होतो. टायपिस्ट केरळचा, हसतमुख. मिलिंदने काम सांगताच म्हणाला, "रिलीज डीड ना? सिस्टर का? फॉरमॅट रेडी है, मॅडम. सिर्फ नाम डालना है. दो मिनिट, यल्ला, चलो."

फॉरमॅट तयार! इतक्या बहिणी त्या खुर्चीत बसून गेल्या होत्या. पडद्यावर वाचलं: स्वखुशीने, कोणताही मोबदला न घेता, कायमचा. माझं डोकं फिरलं. जर्मन सरदारकन्येच्या शपथेत निदान एक अट असायची: भावांचा वंश खुंटला तर तिचा हक्क परत. इथे तीही नव्हती.

"नाव घालू नका," मी सांगितलं.

"ताई, प्लीज," मिलिंद दबक्या आवाजात म्हणाला. "इथे तमाशा नको. मी आत जाईन गं!"

"तू आत जायला नको म्हणूनच आले आहे. शुक्रवारी काय म्हणालास? तुझं सगळं सईचं. का?"

"म्हणजे काय? मुलगी आहे ती माझी."

"आणि मी कुणाची आहे?"

 टायपिस्टचे हात कीबोर्डवर थांबले होते.

"मदत माग, मिलिंद. देते. तू मदत मागितलीच नाहीस. मी त्या घरात नव्हतेच असं लिहून मागितलंस, आणि वर आराम कर म्हणालास."

त्याने टायपिस्टकडे पाठ केली. मग म्हणाला, "ताई, मला मदत कर." आवाज लहानपणीचा होता, पतंग झाडात अडकल्यावरचा.

मी टायपिस्टकडे वळले. "घर बेचने का पॉवर ऑफ ॲटर्नी बनाइए, भाई की तरफ से मेरे नाम. मालिक दो. मेरा नाम पहले, मैं बड़ी हूँ."

"मॅडम, उसका फॉरमॅट नहीं है. टाइम लगेगा."

"लगने दीजिए."

दुपार गेली. कागद झाला, वकिलातीत सह्या झाल्या. 

आता पुण्यात आहे. घर दोन मालकांनी विकलं. गिऱ्हाईक पळालं नाही, एक सही जास्त लागली म्हणून कुणी पळत नाही. माझ्या हिश्शातून मी मिलिंदला दिलं, चेक वटले, तो आपल्या घरी आहे. मी दिलं, सोडलं नाही. हा फरक त्याला समजला की नाही, माहीत नाही. सईला समजलाय. ऱ्हाईन लांबली, पण तिने फोनवर बजावलं आहे, "आत्या, नॉट विदाउट मी."

राग मात्र आहे तसाच आहे. ते दुकान चालू असेल, फॉरमॅटही तयार असेल. तेव्हा मैत्रिणींनो, भावाने तिकीट पाठवलं तर जरूर जा. किल्ला बघा, थाळी खा, मेट्रोत बसा. फक्त वाचायचा चष्मा सामानात टाकू नका, हातातल्या पर्समध्येच ठेवा.