अर्धे फोटो

बुरुल एजेला स्वस्थ बसलेलं मी तरी पाहिलेलं नाही. वयानं मोठी, म्हणून नारिनच्या आमच्या ऑफिसात ती सगळ्यांचीच एजे, म्हणजे ताई. चहा हातात घेऊन येरझारा घालायची, जाता-येता संगणकाच्या पडद्याकडे बघायची.

हिमनदीखालच्या तळ्यावरचं यंत्र तिनंच बसवलेलं. ते दर मिनिटाला पाण्याची पातळी पाठवतं, शिवाय फोटो. दोन्ही खिंडीतल्या एका जुन्या छोट्या संगणकातून पुढे येतात. फोटो तुकड्या-तुकड्यांनी पोचतो आणि सगळे तुकडे जमले की तिथं जोडला जातो. एखादा वाटेत हरवला, तर बाकीचे थोडा वेळ थांबून टाकून द्यायचे, अशी रीत. एजेनं ती बंद केली होती. मी टोकलं, तर म्हणाली, "सोबती आला नाही म्हणून पाहुण्याला दारातून हाकलतोस का तू?"

जुलैतल्या एका दुपारी आकडे येईनात. वाऱ्यानं अँटेना हलत होती आणि प्रत्येक फोटोचा एखादा तुकडा गळत होता. अर्ध्या फोटोंनी मेमरी भरून गेली. आकड्यालाही आत जागा उरली नाही. आलेलं सगळं मुकाट्यानं गळून पडत होतं. आणि सकाळपासून तळं चढत होतं. खाली नदीकाठी तीस घरं.

तिथून एजेचा चुलतभाऊ समुदिन सारखा फोन करत होता. नुसत्या आकड्यावर म्हातारे हलणार नाहीत, त्यांना फोटोच हवा, असं त्याचं म्हणणं.

देखभालीच्या वेगळ्या तारेनं एजे त्या संगणकात शिरली. शेवटच्या फोटोचा एकच तुकडा कमी होता. "एकच," ती पुटपुटली. वाट बघण्यात चार मिनिटं गेली. मग तिनं सगळे अर्धे फोटो पुसले, आणि मेमरी कमी पडली की आधी तेच टाकून द्यायचे, असा नियम घातला.

मिनिटाभरात आकडा आला.

"फोटो?" समुदिननं विचारलं.

"पुसला मी. पाणी चाळीस सेंटिमीटर चढलंय. सगळ्यांना वर ने."

"एजे, म्हातारे मला खातील."

"खाऊ देत. वर जाऊन खाऊ देत."

तासाभरात पाण्यानं पूल आणि दोन गोठे नेले. समुदिनचा फोन टेकडीवरून आला. मागून कोणीतरी त्याला शिव्या घालत होतं.

"सगळे आहेत?" एजेनं विचारलं.

"आहेत. मोजले."

"परत मोज," ती म्हणाली. फोन तिनं ठेवला नाही.