पॅरिसच्या बायका आणि माझा ‘न’

“पानी नाही. पाणी. परत म्हण.”

मी परत म्हटलं.

डायनिंग टेबलावर माईक होता. बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून खिडकीवर जाड रजई टाकलेली. त्याच कारणानं एसी बंद. दुबईतल्या अल मनखूलच्या त्या फ्लॅटमध्ये आम्ही सगळ्या घामानं निथळत होतो. वाचनमंडळाच्या बायका सोफ्यावर, खुर्च्यांवर, काही खाली गालिच्यावर. समोर मृणालताई. मंडळाच्या अध्यक्ष. कानाला हेडफोन.

“परत. आणि ‘आनि’ पण नको. आणि. जीभ वर लाव ना.”

मी जीभ वर लावली. शब्द तोंडात यायच्या आधीच मला त्याची भीती वाटायला लागली. ओळीत पुढं ‘ण’ दिसला की मी आधीच हळू व्हायचे. मी वाचलं. कुणीतरी हसलं. मोठ्यानं नाही. नाकातून. पण माईकनं ते पकडलं, हेडफोनमधून मृणालताईंच्या कानात गेलं, आणि त्यांनाही हसू आवरेना.

“थांबूया,” त्या म्हणाल्या. हेडफोन काढला. “अगं, वाईट नको वाटून घेऊस. कंटेंट तुझा फारच सुंदर आहे. पण हे रेकॉर्ड होतंय. कायमचं राहणार. केतकी वाचेल. तिचा आवाज कसा, अगदी रेडिओचा आहे.”

केतकी उठली. मी उठले. माझ्या खुर्चीवर बसायच्या आधी तिनं टिश्यू घेऊन सीट पुसली. घाम होता म्हणून असेल. मी स्वतःला तेच सांगितलं.

मग ती वाचायला लागली. मी लिहिलेलं. एकदाही न अडखळता.

मी दुबईतच, करामा भागात, एका दाताच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसते. तिथं लेबनॉनचे, मोरोक्कोचे, फ्रान्सचे पेशंट येतात. मला फ्रेंच येतं, म्हणून ती नोकरी मिळाली. माझं गाव परभणी जिल्ह्यात. गावात नाही, गावाच्या कडेला. वस्तीत. आई दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायची. तिला सही येत नाही. मी पुण्यात समाजकल्याणच्या हॉस्टेलवर राहून शिकले. कॉलेजात पहिल्याच आठवड्यात मराठीच्या सरांनी मला उठवून उतारा वाचायला लावला. दोन ओळी झाल्या आणि विचारलं, “कुठून आलात आपण?” वर्ग हसला. त्यानंतर मराठीच्या तासाला मी तोंड उघडलं नाही. माझ्याच भाषेच्या तासाला.

फ्रेंच घेतलं ते म्हणूनच. तिथं कोथरूडच्या मुलींनाही तो घशातला ‘र’ जमत नव्हता. सगळेच अडखळत होते. आयुष्यात पहिल्यांदा मी इतरांइतकीच चुकत होते. कुणाच्या चुकीवरून कुणाची वस्ती कळत नव्हती.

दुबईत आल्यावर या मंडळात मला एका पेशंटनं नेलं. पहिल्या दिवशी मृणालताईंनी आडनाव विचारलं. मग मूळ गाव. मग सासरचं आडनाव. मग म्हणाल्या, “आमच्याकडे असलं काही नसतं हं.” मी काहीच विचारलं नव्हतं.

या वर्षी मंडळानं ठरवलं, जगातल्या बायकांनी काढलेल्या प्रकाशनांवर लेख करायचे, रेकॉर्ड करायचे, इंटरनेटवर टाकायचे. “पॅरिसचं तू कर,” मृणालताई म्हणाल्या. “तुला फ्रेंच येतं.”

मला किती आनंद झाला, ते आता सांगायलाही लाज वाटते. अख्खा उन्हाळा मी वाचत होते. दवाखान्यात जेवणाच्या सुट्टीत, मेट्रोत उभ्यानं, मोबाईलवर.

पॅरिसमधल्या त्या बायका. पन्नासेक वर्षांपूर्वीच्या. रस्त्यावरच्या आंदोलनातून आलेल्या. मोर्चात ओरडलेलं दुसऱ्या दिवशी विरून जातं, छापलेलं राहतं, हे त्यांच्या लक्षात आलं. आणि छापणारे सगळे पुरुष. बाईनं लिहिलेलं परत यायचं. मग त्यांनी स्वतःचं प्रकाशन काढलं. इतरांनी परत पाठवलेली हस्तलिखितं मागून घेतली. दूर देशांत तुरुंगात टाकलेल्या बायकांचं लिखाण छापलं. पुस्तकांचं दुकान काढलं. पुढं त्यांनी कॅसेटही काढल्या. बोलकी पुस्तकं. पुष्कळदा जिनं लिहिलं तीच वाचायची. ज्यांना वाचायला वेळ नाही, ज्यांचे हात कामात आहेत, ज्यांना शाळा मिळाली नाही, अशा बायकांसाठी.

हे वाचलं तेव्हा माझं स्टेशन निघून गेलं. मी तशीच पुढं गेले. डोळ्यांना धार लागली होती. माझ्या आईचा विचार पॅरिसमध्ये कुणीतरी केला होता. माझ्या गावात कुणी केला नव्हता.

त्या दिवशी आईला फोन केला. म्हटलं, मी एक गोष्ट सांगणार आहे, रेकॉर्ड होणार आहे, तुला मोबाईलवर ऐकता येईल. आईनं वस्तीभर सांगितलं.

लेखात मी एक परिच्छेद त्यांच्या भांडणाचाही लिहिला होता. आंदोलन सगळ्यांचं, पण त्याचं नाव कुणी लावायचं, सगळ्यांच्या वतीनं कुणी बोलायचं, यावरून त्या बायकांमध्ये फाटलं. प्रकरण कोर्टात गेलं. ते वाचून मला त्या बायका जास्त खऱ्या वाटल्या.

रेकॉर्डिंगच्या दिवशी फ्लॅटमधून घरी आले. रात्रीचा स्वयंपाक करताना ओट्यापाशी पुटपुटत होते. पाणी. आणि. कोणी. वाटलं, जमलं तर परत विचारता येईल. माझी मुलगी दहा वर्षांची. इथंच जन्मली. मराठी ती मंडळाच्या रविवारच्या वर्गात शिकते. पुस्तकातून मान वर न काढता म्हणाली, “आई, नॉट पानी. पाणी. इट्स ईझी.”

तिला सहज येतं. तिच्या जिभेवर आमची वस्ती उरली नाही. मला बरं वाटायला हवं होतं. मी भाजी ढवळत राहिले.

नवऱ्याला फोनवर सांगितलं. तो दुबईबाहेर, खोर फक्कानला, बंदराच्या यार्डात स्टोअरकीपर आहे. आठवडाभर कंपनीच्या कॅम्पमध्ये राहतो, शनिवार-रविवार घरी येतो. मृणालताईंचे मिस्टर त्याच कंपनीच्या दुबई ऑफिसात मोठे साहेब आहेत. त्याचा दुबईच्या बदलीचा अर्ज त्यांच्याच टेबलावर पडलेला.

“खलास. सोड तो विषय,” नवरा म्हणाला. “आवाजच घेतला ना? जमीन तर नाही घेतली.”

मी सोडला.

कार्यक्रम करामात झाला, एका हॉटेलच्या वरच्या हॉलमध्ये. व्हॉट्सॲपवर आमंत्रण आलं. संकल्पना मृणालताईंची. सादरीकरण केतकीचं. खाली बारीक अक्षरात ‘साहाय्य’, तिथं मी. हॉलच्या दारात मृणालताई भेटल्या. पैठणी, गजरा. माझा हात धरून म्हणाल्या, “तू मागे थांबशील का? चहाचं तेवढं बघ. तुला त्या लोकांशी बरोबर बोलता येतं.”

मी मागं थांबले. चहाच्या थर्मासपाशी. वेटर मलबारी होता. त्यानं मला खुर्ची दिली.

केतकी वाचत होती. माझं एक एक वाक्य तिच्या तोंडून धुऊन, इस्त्री करून बाहेर पडत होतं. जिनं लिहिलं तीच वाचायची, हे वाक्यही तिनं वाचलं. सुंदर वाचलं. मी हॉलभर बघितलं. कुणाच्या कपाळावर आठी नाही. कुणाला काही खटकलं नाही. मला वाटलं, उठावं. ओरडावं. मी कप मांडत राहिले. मी त्या भांडणाच्या परिच्छेदाची वाट बघत होते. तो आलाच नाही. कापला होता.

टाळ्या झाल्या. नंतर चहा घेताना मृणालताई म्हणाल्या, “तो भाग काढला मी. बायकांनी बायकांचं वाईट कशाला सांगायचं? निगेटिव्ह वाटतं.” मी मान हलवली. हो म्हटलं. त्यांच्या कपात चहा ओतला.

दोन दिवसांनी आईचा फोन आला. शेजारच्या पोरीनं तिला लिंक लावून दिली होती. वस्तीतल्या बायका जमल्या होत्या म्हणे. सगळं शेवटपर्यंत ऐकलं होतं.

“ही कोन बाई बोलायली गं?” आई म्हणाली. “म्या समदं ऐकलं. तू आलीच न्हाईस. तू कवा बोलनार?”

म्हटलं, पेशंट आहे समोर, नंतर बोलते. पेशंट नव्हता. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि रडले. आई रागावली असती तर बरं झालं असतं. ती रागावली नव्हती. ती वाट बघत होती.

पुढच्या आठवड्यात मृणालताई स्वतः दवाखान्यात आल्या. दात दाखवायला. मी अपॉइंटमेंट लिहून घेतली. मग त्या काउंटरवर कोपर टेकून म्हणाल्या, “अगं, सगळ्यांना काय आवडलंय ते! आता मोरोक्कोच्या बायकांवर दे ना. तिकडेही फ्रेंचमध्येच असेल सगळं.”

“देते,” मी म्हटलं. “पन मीच वाचनार.”

जीभ वर लावली नाही. ठरवून नाही. ती गेलीच नाही वर.

त्या हसल्या. “अगं, ते झालंय ना आपलं बोलून.”

“तुमचं झालंय. माझं नाही.”

त्यांनी मागं बघितलं. बाकावर पेशंट बसले होते. त्यांनी आवाज उतरवला. “हे कालच म्हणत होते, खोर फक्कानच्या बदलीचं या महिन्यात बघतो म्हणून.”

एवढंच. पुढं बोलायची गरज नव्हती. मी अपॉइंटमेंटची वही मिटली.

“मी वाचनार,” मी म्हटलं. “न्हाईतर देनार न्हाई.”

“मग राहू दे,” त्या म्हणाल्या. पर्स उचलली. “आम्ही तुला आपली मानून सांगत होतो. एवढा ॲटिट्यूड बरा नाही.”

संध्याकाळी मंडळाच्या ग्रुपवरून माझं नाव काढलेलं होतं. मी केतकीला मेसेज केला, ते रेकॉर्डिंग काढून टाका, लेख माझा आहे. निळ्या खुणा आल्या. उत्तर आलं नाही. रेकॉर्डिंग अजून तिथंच आहे. लोक ऐकतात. खाली लिहितात, काय शुद्ध मराठी! मी काही करू शकत नाही. कुणाकडं जाऊ?

महिना संपला. दुबईला बदली झाली, दुसऱ्या एका स्टोअरकीपरची. मी नवऱ्याला दवाखान्यातलं सगळं सांगितलं होतं. रविवारी संध्याकाळी तो बॅग भरत होता. मुलीनं विचारलं, “बाबा, व्हाय कान्ट यू स्टे?” त्यानं माझ्याकडं बघितलं. आरोप नव्हता त्या बघण्यात. थकवा होता. कॅम्पमधल्या खोलीचा, डब्यातल्या गार भाताचा, इतक्या वर्षांचा. माझ्या ‘न’ म्हणण्याची किंमत तो भरणार होता, मी नाही. हे मला दिसत होतं.

जिन्यापर्यंत सोडायला गेले तेव्हा तो म्हणाला, “एक फोन कर त्यांना. सॉरी म्हन. अजून जागा निघतील. होईल, इन्शाल्ला.”

त्याचाही ‘न’ माझ्यासारखाच आहे. यार्डात त्याला कुणी मराठी वाचायला लावत नाही, म्हणून तो सुटला.

तो गेला. मुलगी झोपली. मी विचार केला. खूप केला. एक सॉरी. मग तो घरी. मुलीला बाप रोज. मला पुन्हा मंडळात खुर्ची, मागच्या रांगेत, थर्मासपाशी. एका शब्दानं हे सगळं परत मिळतं. आणि मग मोरोक्कोच्या बायका केतकीच्या तोंडून. मग आणखी कुठल्या. माझी आई दरवेळी शेवटपर्यंत ऐकणार आणि मला विचारणार.

मी सॉरी म्हटलं, तर कशाबद्दल म्हणू? आईच्या जिभेबद्दल?

नाही.

पॅरिसच्या त्या बायकांचा इतिहास मी पुन्हा वाचणार आहे. पहिल्या शब्दापासून. मोबाईलवर, माझ्या स्वयंपाकघरात, एसी चालू ठेवून. कापलेला परिच्छेद आधी वाचणार आहे. कुठं अडखळले तर ते तसंच ठेवणार आहे. किती लोक ऐकतील, माहीत नाही. वस्तीतल्या बायका ऐकतील. नवरा चिडेल, कदाचित गप्प होईल. ते मला सोसावं लागेल. बदली या वर्षी होणार नाही, कदाचित कधीच नाही. तेही सोसावं लागेल.

तो फोन मी करनार नाही.