परवानगी मागणारे फोन

आमच्या वडसा गावच्या दुकानातून फोन दुरुस्त होऊन जातो आणि किस्सा मागं राहतो. स्क्रीन फुटलेला माणूस ती कशी फुटली हे सांगितल्याशिवाय फोन हातातून सोडत नाही, आणि ते सांगायचं तर घरचं सगळंच सांगावं लागतं. असे किस्से आता इतके साठलेत की चार्जरपेक्षा तेच जास्त आहेत!

मी रफिक. अब्बा ज्या टेबलावर घड्याळं उघडायचे, त्याच टेबलावर मी मोबाइल उघडतो. पार्टनर मोरेश्वर, कुरखेड्याकडच्या धानवाल्या घरचा. स्क्रू आणि सोल्डर माझं, अ‍ॅप आणि सेटिंग त्याचं.

गेल्या काही वर्षांत मोरेश्वरकडची गर्दी वाढली. आधी फोनला एकदा सांगून ठेवलं की हे झालं की ते कर, तर तो गुपचूप करायचा. आपोआप मेसेज पाठवायचा, आपोआप कॉल उचलायचा. आता दर अपडेटमध्ये सिस्टम त्यातलं काही ना काही बंद करते, नाहीतर विचारते, "परवानगी द्यायची?" चोरटे याच वाटेनं लोकांच्या फोनात शिरायचे, म्हणून हा बंदोबस्त. बरोबरच आहे. पण हे नामदेवभाऊंना कोण समजावणार!

*

नामदेवभाऊंचा एक फोन बांधीच्या, म्हणजे धानाच्या खाचराच्या, चिखलात गेला, तेव्हापासून ते फोन घरीच ठेवून शेतावर जातात. त्यांच्या पाण्याच्या मोटारीला मेसेजवर चालणारा स्टार्टर आहे. विजेची लाइन आली की स्टार्टर फोनला मेसेज करायचा, आणि मोरेश्वरनं लावून दिल्याप्रमाणं फोन आपणहून उलटा मेसेज करायचा: "सुरू कर." धानाला पाणी चालू!

मग अपडेट आलं आणि मेसेज पाठवण्याआधी फोन विचारायला लागला.

नामदेवभाऊ दुकानात येऊन गरजले, "मी बांधीत, फोन घरी! तो इचारून राह्यला कोणाले? भिंतीले?"

"सुनंदाबाई घरी असतात ना भाऊ," मोरेश्वर म्हणाला. "त्यायले सांगा, 'हो' दाबत जा म्हणून."

काही दिवस झकास चाललं. एके दिवशी भाऊ बांधीवर पाहतात तर पाण्याचा थेंब नाही. तसेच घरी बायकोकडं आले.

"लाइन आली नाई काय?"

"आली," सुनंदाबाई म्हणाल्या.

"मंग फोननं इचारलं नाई काय?"

"इचारलं ना. मी 'नाई' दाबलं."

"काऊन?"

"पोरीचं लगन जमवून आले, मले इचारलं? बैलजोडी विकून आले, मले इचारलं? या घरात पहिल्यांदा मले कोणी काई इचारलं, तं म्हटलं एकदा 'नाई' म्हणून पाहाव!"

हल्ली नामदेवभाऊ फोनचं साधं कव्हर घ्यायलाही बाईंना सोबत घेऊन येतात. रंग त्याच पसंत करतात.

*

मोरेश्वरचे किसनमामा एकदा तावातावानं आले. "कसला फोन देला रे मले? लग्नाची पत्रिका उघडून नाई राह्यला!"

पाहिलं तर पत्रिका कसली, फसवणुकीचं अ‍ॅप! पत्रिकेचं नाव लावून कोणीतरी पाठवलेलं. ते मामांचे सगळे मेसेज वाचायची परवानगी मागत होतं आणि सिस्टम साफ नाही म्हणत होती. मामा आदल्या दिवसापासून फोनशी भांडत होते.

"मामा, लग्न कोणाचं हाय?" मोरेश्वरनं विचारलं.

"तेच तं पत्रिकेत पाहाचं हाय!"

"पाठवणारा कोण हाय?"

"नंबर वळखीचा नाई. पण एवढ्या आपुलकीनं बोलावलं तं जा लागते ना!"

मामांच्या दुसऱ्या हातात पिशवी होती. पिशवीत आहेराचं लुगडं.

*

वडशाला थंडीत नाटकांचा सीझन. अशाच एका नाटक कंपनीचा साउंडवाला दिलीप आमचं जुनं गिऱ्हाईक. त्याची नजर कमजोर, म्हणून स्क्रीनवरचं सगळं फोन त्याला मोठ्यानं वाचून दाखवतो. प्रत्येक प्रवेशाचं म्युझिक आपोआप वाजेल अशी व्यवस्था त्यानं केली होती. एका गावात प्रयोगाच्या दिवशीच फोननं अपडेट घेतलं, आणि दिलीपला त्याचा पत्ता नाही.

पहिला अंक. हिरो हिरोइनच्या बापापुढं हात जोडून उभा. "काकासाहेब, मला फक्त तुमची परवानगी पाहिजे!"

इथं सनई वाजायची होती. सनई राहिली बाजूला, सगळ्या स्पीकरमधून एक बाई ठणठणीत आवाजात बोलली:

"परवानगी द्यायची? अ‍ॅप वापरताना. फक्त या वेळी. परवानगी नको."

दिलीप फोनवर बोटं मारत सुटला. पण बापाचं काम करणारा नट मुरलेला. त्यानं शांतपणे वर आभाळाकडं पाहिलं, हिरोच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "फक्त या वेळी? अरे, माह्या पोरीचं लगन हाय ते! मी कायमची देतो!"

टाळ्या, शिट्ट्या, मंडप डोक्यावर! त्या गावात हिरोइनपेक्षा स्पीकरमधल्या बाईचीच चर्चा जास्त.

दुसऱ्या दिवशी दिलीप फोन घेऊन आमच्याकडं आला. मी सेटिंग उघडणार तेवढ्यात कंपनीचा मालक मागून धावत आला.

"रफिकभाई, हात नका लावू! दुरुस्त केला तं माहा सीझन जाईन!"

*

कोरचीकडच्या एका गावात हत्तींचा कळप फिरायचा. तिथल्या वनरक्षकानं चांगली सोय केली होती. वनखात्याकडून हत्तींचा मेसेज आला की ग्रामपंचायतीत ठेवलेला फोन तो आपोआप भोंग्यावर वाचायचा. लोक सावध व्हायचे. पण नवीन सिस्टम बॅटरी वाचवायला न वापरलेली अ‍ॅप झोपवून टाकते. हेही झोपलं.

सकाळी सकाळी हत्ती ग्रामपंचायतीच्या मागच्या धानात शिरले. वनरक्षक पळत आत गेला आणि फोन हातात घेऊन त्यानं बटण दाबलं. फोन दचकून जागा झाला आणि कालची सूचना भोंग्यावर पूर्ण ताकदीनं ओरडला, "सावधान! हत्ती आपल्या गावाकडे येत आहेत!"

भोंगा नेमका हत्तींच्या कानाशी. अख्खा कळप बिचकून जंगलात परत!

वनरक्षक दुकानात सांगत होता, "भाऊ, सूचना उशिरा आली, पण डायरेक्ट हत्तीयलेच भेटली!"

तरी मोरेश्वरनं ते अ‍ॅप झोपणार नाही अशी सेटिंग करून दिली. दर वेळी हत्ती ऐकतीलच असं नाही.

*

आता यमुनाबाईंचं सांगतो.

यमुनाबाई वडशाजवळच्या खेड्यातल्या. लकव्यानं त्यांची उजवी बाजू गेली. डाव्या हाताची बोटं आधीच वातानं आखडलेली. वाचाही गेली. फक्त "हा" तेवढं निघायचं. डॉक्टरांनी रोज बोलायचा सराव सांगितला होता, पण घरच्यांनी विषय काढला की बाई भिंतीकडं तोंड करायच्या.

त्यांची मुलगी वैशाली. तिकडं सूरजागडच्या डोंगरावर खाणीत डंपर चालवते; स्वतः मात्र "चालवतो" म्हणते, आमच्याकडच्या बायकांची बोलीच तशी. जेवणाच्या सुट्टीत ती आईला फोन लावायची. त्या वेळी वैशालीचे भाऊ-भावजय शेतावर, बाई एकट्या खाटेवर. म्हणून मोरेश्वरनं आपोआप कॉल उचलणारं अ‍ॅप टाकून दिलं होतं. वैशाली बोलायची, आई ऐकायची. मध्येच एखादा "हा".

अपडेट आलं आणि ते अ‍ॅप बंद पडलं.

वैशाली सुट्टी घेऊन आली. स्टुलावर बसली आणि फोन माझ्यापुढं ठेवला. "भाऊ, आता आई फोनकडं नुसती पाहत राह्यते म्हणे. रिंग संपते. मी तिकडं घाटात डंपर उतरवतो, अन् मले तेच दिसते."

मोरेश्वरनं चार-पाच अ‍ॅप बदलून पाहिली. सिस्टम एकालाही कॉल उचलू देईना. शेवटी त्या फोनमध्येच एक सोय सापडली. रिंग वाजताना आवाजानं हुकूम दिला की फोन उचलतो. पण त्याला हुकूम हिंदीतच लागायचा, "उठाओ." आमची भाषा त्याला कळायची नाही.

"आईले तं 'हा'च्या पुढं येत नाई," वैशाली म्हणाली.

दुसरं काहीच हातात नव्हतं. मी बाईंच्या घरी गेलो, खाटेशी स्टँड लावला, सगळं समजावलं. वैशालीनं अंगणात जाऊन फोन लावला. रिंग वाजली. बाईंनी ओठ हलवले. "उ... उ..." फोन वाजून वाजून थांबला. बाईंच्या डोळ्यांतून पाणी. मला वाटलं, उगाच बाईंना आशा लावली.

वैशाली आत आली. आईचे डोळे पुसले आणि म्हणाली, "उचलला नाई तरी मी रोज लावन. तू फक्त वाजलेला आयक."

ती गेली. रोज लावत राहिली. भावजय सांगायची, रिंग वाजली की बाई त्या एका शब्दाशी झटापट करतात, आणि थांबली की एकट्याच पुटपुटत बसतात. भिंतीकडं तोंड करणं बंद झालं होतं.

मग एका दुपारी मोरेश्वरचा फोन वाजला. पलीकडं इंजिनांची घरघर, आणि वैशाली हुंदके देत हसत होती.

"भाऊ, उचलला! आईनं उचलला! मी 'आई, आई' करून राह्यलो, अन् ते 'उठाओ, उठाओ'च म्हणून राह्यली! थांबतच नाई!"

मोरेश्वरनं त्या दिवशी दुकानात आलेल्या सगळ्यांना चहा पाजला. विचारलं तर सांगायचा, "आमच्या बाई बोलल्या!"

पुढं बऱ्याच महिन्यांनी अजून एक अपडेट आलं. कॉल आपोआप उचलायची सोय आता सिस्टमनंच दिली होती. ना वेगळं अ‍ॅप, ना परवानगी. मी खुशीत गाडी काढली आणि बाईंचं घर गाठलं.

"बाई, आता त्रास संपला," मी फोन उघडत म्हणालो. "रिंग वाजली की फोन स्वतःच उचलेल. तुम्हाला तोंडही उघडायला नको."

मी सेटिंगपर्यंत पोचलो तेवढ्यात बाईंनी आपला आखडलेला डावा हात फोनवर आणून ठेवला. माझ्याकडं पाहिलं, दम घेतला, आणि एक एक शब्द सावकाश लावत म्हणाल्या,

"राहू दे, भाऊ. मी उचलतो."