समोर बसवून बोलणारे नसीरभाई

नसीरभाई शेख यांची माझी पहिली ओळख फोनवर झाली, आणि त्यांनी माझ्या प्रश्नाला उत्तर द्यायला साफ नकार दिला.

जालन्यातल्या एका बियाणे कंपनीत माणसं नेमण्याचं काम मी बरीच वर्षं पाहते. तेव्हा बी निवडण्याच्या मशीनवर माणूस हवा होता. आमचे मालक एकदा फसले की जाहिरातीत एक अट वाढवत. कुणी खोटा अनुभव सांगितला, की आयटीआय हवं. कुणी मध्येच सोडून गेलं, की नोकरीत खंड नको. फसवणारा निघून जाई, अट मागे राही आणि भलत्यालाच आडवी येई. त्या खेपेला खंडाची अट नोकरी मागायला आलेल्या हसनाबादच्या संतोषला आडवी आली. नसीरभाई दुसऱ्या एका बियाणे कारखान्यात सुपरवायझर होते. संतोषने त्यांच्या हाताखाली काम केलं होतं. त्यानंतरची तीन वर्षं मात्र रिकामी. घरी लहान मूल, आणि अशाच अटींमुळे चार ठिकाणांहून तो परत गेलेला.

मालक म्हणाले, "चांगला असता तर जुन्या कारखान्यानं सोडला असता का? अन् वाईट असला तर ते सांगतील का?"

तरी संतोष कामाला कसा आहे, हे विचारून पाहावं असं मला वाटलं. म्हणून नसीरभाईंना फोन केला.

"पाठीमागं मी बोलत न्हाई, ताई. त्याला समोर बसवा, मी येतो."

ते सुट्टीच्या दिवशी जाफराबादहून जीपने खरोखरच आले. संतोषच्या शेजारी बसून म्हणाले, "मशीन याच्या हातात बिलकुल बराबर चालतं. पण चूक झाली की घाबरतो, लपवतो. एकदा दोन वाणांचं बी मिसळलं, यानं सांगितलं न्हाई."

संतोषने मान खाली घातली. मालक हसले. "चाचा, ही शिफारस करायला इतक्या लांबून आले?"

"शिफारस न्हाई, साहेब. आहे ते सांगतो. याच्यावर ओरडलं की लपवतो, नीट विचारलं की सांगतो. अन् तुम्ही लई ओरडता, हे बी ऐकून आलोय."

मालकांचं हसू थांबलं. मग संतोषच बोलला, "चाचा म्हणतेत ते खरंय, साहेब. तीन वर्षं वडील अंथरुणावर होते, मी त्यांच्यापाशी होतो. ते कुणी विचारलंच न्हाई."

मालक म्हणाले, "मला आजवर कुणी कुणाबद्दल वाईट सांगितलं न्हाई. मंग चांगलं सांगितलेलं तरी खरं कसं मानायचं? यांनी दोन्ही सांगितलं. संतोष, उद्यापासून ये."

मी मात्र अस्वस्थ होते. फाटकापाशी नसीरभाईंना विचारलं, "त्याचं काम गेलं असतं तर?"

"गेलं असतं. पण त्याला बोलायला मिळालं ना? फोनवर मिळालं असतं का?" एवढं बोलून ते संतोषला घेऊन चहाला गेले.

असा धोका दुसऱ्याच्या भाकरीवर पत्करावा का, याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. खंडाची अट मात्र मी मालकांशी भांडून काढली, आणि ती पुन्हा येऊ देणार नाही. आमच्याकडून गेलेल्या माणसाबद्दल कुणी विचारलं, तर मीही त्याला समोर बसवूनच बोलते.

नसीरभाईंना आता पंचाहत्तरावं वर्ष लागत आहे. निवृत्तीनंतरही लोक त्यांना बोलावतात आणि ते जातात. वाढदिवसाच्या कार्यक्रमात हा लेख ते समोर बसून ऐकणार आहेत, तेव्हा त्यांची खोडही सांगायला हवी: मधुमेहाच्या गोळ्या ते चुकवतात आणि विचारलं की घेतल्या म्हणतात. नसीरभाई, या जिल्ह्यात अजून पुष्कळ माणसं ऑफिसांच्या दाराबाहेर थांबलेली आहेत, आणि आत त्यांच्याबद्दल भलतंच ठरतं आहे. त्यांच्यासाठी आपण पुष्कळ वर्षं, चांगले धडधाकट हवे आहात. गोळ्या घेत जा.