जात्याचा खुंटा आणि पिस्तुलाची मूठ

ती घटना मला आजही आठवते. मधली बरीच वर्षं ती आठवत नव्हती. घरची, म्हणजे माझी बायको, वारली तेव्हापासून पुन्हा आठवायला लागली आहे. मी मराठी चौथी शिकलेला माणूस. शिपाई म्हणून लागलो, फौजदार होऊन घरी बसलो. मला लिहिता येतं ते पंचनाम्यासारखं, तसंच लिहितो. नाव कोणाचंच देत नाही.

एकोणीसशे पन्नास साल उलटून गेलं होतं. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यातला तालुका. मी ठाण्यात जमादार होतो. सरहद्दीपलीकडची मोगलाई, म्हणजे निजामाचं राज्य, नुकतीच बुडाली होती आणि तिकडची जुनी हत्यारं चोरून इकडे विकली जात होती.

किन्हीराजाच्या पलीकडच्या एका गावात कापूस वेचणीच्या दिवसांत एक मोठा कास्तकार त्याच्याच शेतात मरून पडला. छातीत गोळी. त्याच्या सालदाराने, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याने, प्रेत पाहिलं आणि तो बोंबलत गावात आला. पण आदल्याच दिवशी मालकाने त्याला चारचौघांत थापड मारली होती. गावाने त्यालाच धरून बसवलं.

मयताचा चुलतभाऊ मला बाजूला घेऊन म्हणाला, "जमादारसाहेब, मी कोनाचं नाव घेत नाही. पन त्या सालदाराच्या झोपडीमांगची कडब्याची गंजी पाहून घ्या एकडाव."

पंच घेऊन गंजी उसवली. आत फडक्यात गुंडाळलेलं पिस्तूल निघालं. मुद्देमाल सापडला, भांडणाला साक्षीदार होते. ठाणेदारसाहेबांच्या मते तपास संपलाच.

सालदाराला कोठडीत घातलं. त्याची बायको लेकरू मांडीवर घेऊन ठाण्याच्या निंबाखाली बसली ती हलेना. मी विचारपूस केली तर तो म्हणाला, "मी कायले मारू त्याईले? थापड तं मालक मारतच असते. थापडीसाठी मानूस मारतो म्हटलं तं गावात एक मालक उरनार नाही, साहेब."

कोठडीबाहेरचा शिपाई हसला. मला हसू आलं नाही. खोटं बोलणारा माणूस मालकाचे गोडवे गातो, असं मी पाहत आलो होतो. हा गात नव्हता.

मी पिस्तूल पुन्हा हातात घेतलं. गोळ्या काढून ठेवल्या होत्या. वरची अक्षरं झिजलेली, लोखंडाला पुटं आलेली, दोन-चार हात फिरून आलेलं हत्यार. पण मूठ मूळची नव्हती. कोणीतरी बाभळीच्या लाकडाची नवी मूठ घडवून बसवली होती, आणि ती मन लावून घडवली होती. बोटांसाठी तीन खाचा, आत काचेने घासून गुळगुळीत केलेल्या. खाचा इतक्या अरुंद की माझं बोट एकीतही बसेना. मुठीच्या वर आणि खाली चामड्याचे दोन तुकडे, बैलाच्या गळपट्ट्याला असतात तशा पितळी फुलीच्या खिळ्यांनी ठोकलेले. मधला पट्टा ताजा कापलेला दिसत होता. म्हणजे हाताच्या पाठीवरून जाणारी एक वादी होती. मी ती जागा मोजून पाहिली. त्यातून माझी चार बोटंसुद्धा गेली नसती.

सालदाराला बोलावून मूठ त्याच्या हातात दिली. नांगरावर घट्टे पडलेला पंजा, सगळ्या खाचा झाकून गेल्या.

ठाणेदारसाहेब म्हणाले, "खाचा बसल्या नाहीत म्हणून गोळी सुटत नाही का, जमादार?"

"सुटते, साहेब. पन हे कोनाच्या तरी घरचं हाय. लहान हाताचं अन् पकड नसलेल्या मानसाचं. ते घर सापडू द्या."

"लवकर शोधा. नाहीतर दोषारोप याच्यावरच जाईल."

दोषारोप गेला की पुढे फास. निंबाखालच्या बाईला हे कोणी सांगायची गरज नव्हती.

खबर देणाऱ्याचा जबाब सविस्तर घ्यायचा राहिला होता, म्हणून मी चुलतभावाच्या घरी गेलो. पंचांनाही बोलावून ठेवलं होतं. तो घरात एकटाच राहायचा. बायको वर्षापूर्वी वारलेली, मूलबाळ नाही. त्यानेच चहा मांडला. चूल राखेने भरलेली, भांडी काळी, कोपऱ्यात जाळी. ओसरीवर जातं होतं, त्याच्या पाळीत धूळ साचलेली. पण जात्याचा खुंटा तेल पिऊन चकचकत होता.

मी वाकून पाहिलं. बाभळीचा खुंटा. त्याला बोटांच्या खाचा, तशाच अरुंद. त्यावरून चामड्याची वादी, वर-खाली पितळी फुलीचे खिळे. इथली वादी मात्र शाबूत होती.

मी चहा खाली ठेवला. "दळते कोन?"

"कोनी नाही. शेजारची वैनी पीठ देते."

"मंग खुंट्याले तेल कायले?"

तो गप्प झाला. मी पिशवीतून पिस्तूल काढलं आणि खुंट्याशेजारी ठेवलं. त्या दोन मुठी एकाच हातासाठी केलेल्या होत्या, हे आंधळ्यालाही चाचपून कळलं असतं.

त्याने खुंट्याच्या वादीवर बोट ठेवलं. "तिचा अंगठा कडबा कापतानी गेला होता. खुंटा हातात राहे ना. मंग मी वादी ठोकून देल्ली. मोगलाईतून धाडी येऊन राहिल्या होत्या तवा मी वावरात अन् थे घरी एकटी. म्हनून पिस्तुलालेबी तसंच केलं. एकडाव सुदीक चालवलं नाही तिनं. म्हने, मले भेव लागते."

"अन् मानूस काहून मारला?"

"तिले ताप भरला होता. माहा एक बैल लंगडा. याच्याकडं बैलाची रेंगी मांगतली, वाशीमले दवाखान्यात न्याले. म्हने, आधी धुरा सोड. दोघांच्या वावरातला बांध, त्याचं भांडन. मी म्हटलं, सोडला. तं म्हने, असं नाही, आधी पंच बोलाव. बाजेवर घालून नेलं तिले. रस्त्यातच गेली."

मला त्या माणसाचं वाईट वाटलं. खोटं कशाला लिहू? पण मी विचारलं, "अन् सालदारानं तुह्यं काय केलं होतं?"

त्याने जात्याकडे पाहिलं. "कोनी तं लागत होता," एवढंच म्हणाला.

तेव्हा माझ्या मनातली दया निम्मी झाली.

पोलिसापुढचा कबुलीजबाब कोर्टात टिकत नाही. म्हणून पंचांसमक्ष खुंटा उपसून मुद्देमालात घेतला, दोन्ही मुठींच्या खाचा, चामडं आणि खिळे जुळवले, नंतर मॅजिस्ट्रेटपुढे त्याचा जबाब झाला. सालदार सुटला. जाताना मी त्याला म्हटलं, "जाय बापा घरी." तो म्हणाला, "घर मालकाच्या वावरात होतं, साहेब. आता कोनतं घर?" बायको-लेकराला घेऊन तो शेलूबाजारच्या रस्त्याने निघून गेला. पुढे कधी दिसला नाही.

चुलतभावाला जन्मठेप झाली. कोर्टात तो वकिलाकडे पाहत नव्हता, टेबलावरच्या खुंट्याकडे पाहत होता. नेताना मला म्हणाला, "जमादार, खुंटा तेवढा जात्यात बसवून द्याल?"

हुकूम वेगळा आला. पिस्तूल सरकारजमा, खुंटा नष्ट करावा. ठाण्याच्या मागे चुलीवर पाणी तापायचं, त्यात घातला. बाभळीचं लाकूड, जळायला वेळ लागला. वादीचा वास आवारभर सुटला होता.

या प्रकरणाने मला दोन गोष्टी शिकवल्या. एक, माणूस गुन्ह्याचं हत्यार फेकून देतो, आपल्या माणसाची वस्तू फेकून देत नाही. तपास तिथून करावा. दुसरी, दुःख झालं म्हणून माणूस भला होत नाही. दुःखातला माणूस दुसऱ्याच्या लेकराला उघड्यावर टाकू शकतो. ज्याच्या घरी मरण झालं त्याला सगळं माफ, असं लोक म्हणतात. मी म्हणत नाही. आता माझ्या घरी झालं आहे, तरी म्हणत नाही.

घरचीला शेवटी चालवत नव्हतं. तिच्या काठीची मूठ हाताला रुतायची, म्हणून मी तिच्याच जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळून दिली होती. काठी दाराआड आहे. चिंधी मळली की मी धुऊन पुन्हा गुंडाळतो. परवा सुनेने विचारलं, "मामाजी, तुमी तं काठी घेत नाही. मंग हे कायले धुता?"

मी काही बोललो नाही. चौकशीत माणूस असा गप्प झाला की मी समजायचो, आता आपण जागेवर आलो.