हळदीच्या फोटोतली डावी बाजू

आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी मला भोळसट समजायला नको. मी अमावास्येला केस धुते, मांजर आडवं गेलं तर थांबून त्याचा फोटो काढते, आणि या ग्रुपवरचे गूढ अनुभव आजवर चहाबरोबरचा टाइमपास म्हणून वाचत आलेय. नोकरी कुपवाडच्या एका कारखान्यात, क्वालिटी इन्स्पेक्शनला. मशीनवरून उतरलेला पार्ट हातात घ्यायचा, उजेडात फिरवायचा, ओरखडा शोधायचा. नजर अशी झालीय की लग्नाला गेले तरी आधी मांडवाचा वाकडा खांब दिसतो. सुहास, म्हणजे माझा नवरा, येईल त्याला सांगतो, "हिनं मला पास कसं केलं कोण जाणे." तर अशा बाईच्या बाबतीत हे घडलंय.

फोटोग्राफीचं वेड जुनंच. मध्यंतरी डोक्यात घेतलं की आता स्टॉक एजन्सीला फोटो द्यायचे. म्हणजे आपण फोटो त्यांच्या साइटवर चढवायचे, त्यांचे तपासनीस ते बघणार, आणि पास झाले की जगात कुणीही ते विकत घेऊन जाहिरातीला, पुस्तकाला वापरणार. नियम मात्र कडक. फोटो शंभर टक्के झूम करून कोपरा न् कोपरा तपासायचा. सेन्सरवरच्या धुळीचा ठिपका नको, सावलीत रंगांचे दाणे नकोत, कुठल्या कंपनीचं नाव दिसायला नको, आणि चेहरा ओळखू येत असेल तर त्या माणसाचं सही केलेलं संमतीपत्र हवं. नियम वाचताना मला माहेरी आल्यासारखं वाटलं. दोष शोधायचे आणि काढायचे... दिवसभर दुसरं काय करते मी?

विषय ठरला हळद. रहिमतपूरजवळच्या एका गावात माझी आत्या राहते. तिकडे आता बहुतेक जण बॉयलरवाल्यालाच बोलावतात, पण आत्या घरापुरती हळद अजून काहिलीतच शिजवते. शेताच्या कडेला मोठं चुलाण, त्यावर लोखंडी काहील, वरून हळदीचाच पाला झाकलेला, आणि सकाळच्या तिरप्या उन्हात उसळणारी वाफ. कॅमेरा काढेपर्यंत माझा जीव खालीवर होत होता.

आत्याला म्हटलं, जरा मध्ये उभी राहा. ती उजवीकडून हलेना.

"माजी बाजू ही हाय. ती त्यांची."

'ते' म्हणजे मामा. आमच्याकडे आत्याच्या नवऱ्याला मामाच म्हणतात. मिलिटरीतून रिटायर होऊन आले, शेती केली, मग अर्धांगवायूनं उजवी बाजू गेली आणि पुढची कित्येक वर्षं खाटेवर. ते जाऊन आता दोनेक वर्षं झाली. मी वाद घातला नाही, कारण मला ते सोयीचंच होतं. स्टॉकच्या फोटोत एका बाजूला मोकळी जागा लागते, विकत घेणाऱ्याला तिथे मजकूर टाकता येतो. आत्या उजवीकडे, डावीकडे नुसती वाफ आणि मागे धूसर शेत. मनातल्या मनात मी तो फोटो पास करून टाकला.

संमतीपत्रावर सही घेताना आत्या म्हणाली, "जमीन तर न्हाई ना गं लिहून घेत?" मग सही केली, पेन खाली ठेवलं आणि बोलता बोलता म्हणाली, "माजा फोटू काडलास, ब्येस झालं. त्यांचा एक काडाय पायजे हुता. डोळं मिटलं की खाटंवर निजल्यालंच दिसत्यात बघ. हुबं कसं दिसायचं, त्येच ध्यानात येईना झालंय."

"मिलिटरीतला फोटो आहे की भिंतीवर."

"त्यो पोरगा हाय. मला त्यो कुटं म्हाईत? मी नांदाय आले तवा ह्ये मिशीवालं बाप्या हुतं." हसली, पण लगेच पदराने डोळे पुसले. म्हणाली, धूर लय हाय. मला फार वाईट वाटलं.

सांगलीला परत आल्यावर पुढच्या रविवारी सकाळीच लॅपटॉप उघडून बसले. काय सांगू, असा आनंद मला साडी खरेदीतसुद्धा होत नाही. हळदीचा पिवळा केशरीकडे झुकत होता, तो जागेवर आणला. चुलाणामागच्या पोत्यावर खत कंपनीचं नाव होतं, ते पुसलं. आकाशात धुळीचे ठिपके होते, ते एकेक करून उचलले. मग शंभर टक्के झूम करून वरच्या डाव्या कोपऱ्यापासून खालपर्यंत, नांगर चालवावा तसा, सगळा फोटो पालथा घातला. कुठे एक खोट नाही. संमतीपत्र जोडलं आणि पाठवून दिला.

दुसऱ्या दिवशी नापास.

कारण लिहिलेलं, फोटोत दोन ओळखू येणाऱ्या व्यक्ती आहेत, संमतीपत्र एकीचंच आहे.

मी चिडले. कॉम्प्युटर तपासत असेल, चुकला असेल, असं म्हणून पुन्हा पाठवला आणि सोबत लिहिलं की फोटोत एकच बाई आहे. पुन्हा तेच उत्तर. त्याच जागेवरून काढलेला दुसरा फोटो दिला, तरी तेच. माझ्या नोकरीत माझा शेरा कुणी खोडत नाही हो... म्हणून त्यांच्या मदत विभागाला जरा तिखटच मेल केला. दुसरी व्यक्ती कुठे दिसली, ती मला दाखवाच.

उत्तर आलं ते माणसाचं होतं, मशीनचं नव्हतं. सभ्य, थोडं गोंधळलेलं. इंग्रजीत होतं, मराठीत सांगते. फ्रेमच्या डावीकडे, काहिलीच्या पलीकडच्या काठाशी एक उंच गृहस्थ उभे आहेत. पांढरा सदरा, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, भरघोस मिशी. उजवा हात वर केलाय, त्यात आल्यासारखा दिसणारा पिवळा तुकडा आहे आणि त्यात काडी आरपार टोचलेली आहे. तो तुकडा ते बाईंना दाखवताहेत आणि हसताहेत. त्यांचंही संमतीपत्र जोडा, नाहीतर डावा भाग क्रॉप करून पाठवा. फोटो आम्हाला आवडलाय.

अंगावर सर्रकन काटा आला. पण भीती नव्हती ती, खरंच नव्हती. मी खुर्चीवरून उठून स्वयंपाकघरात गेले, काही कारण नसताना नळ सोडला, बंद केला आणि परत येऊन मेल वाचला. हळद शिजली की नाही, हे असंच काडी टोचून बघतात. माझ्या फोटोत ते कुठेच नव्हतं. आत्याने त्या दिवशी नुसत्या वासावरून ओळखून काहील उतरवायला लावली होती. फोटोबरोबरच्या वर्णनातही मी काडीचा उल्लेख केला नव्हता. परदेशात बसलेल्या त्या माणसाला हे कोण सांगणार?

सुहासला बोलावलं. त्याने डावीकडे डोळे फाडून पाहिलं. टी-शर्टच्या टोकाने स्क्रीन पुसली आणि पुन्हा पाहिलं.

"वाफ असेल गं."

"वाफेनं बाह्या दुमडल्या?"

तो आत गेला. गाडीची चावी घेऊन आला.

रस्ताभर माझी बडबड चालू होती. आत्याला सांगावं की नाही, तिला त्रास झाला तर, आणि नाही सांगितलं तर मला झोप कशी लागेल... पोचलो तेव्हा ती सोप्यात बसून शेंगा फोडत होती. लॅपटॉप उघडून मी तिला सगळं मराठीत वाचून दाखवलं. तिचे हात थांबले.

"हुबं हायती?"

"हो, उभे आहेत असं लिहिलंय."

"कशाला टेकून?"

"नाही गं. नुसते उभे."

"काडी कंच्या हातात?"

"उजव्या. हात वर केलाय."

आत्याने पुढ्यातल्या शेंगा बाजूला सारल्या. मग एकदम हसायला लागली, पोटातून, लहान पोरीसारखी. "मलाच दावायचं ती काडी. म्हनायचं, बग, माजी हळद शिजली, तुजा सैपाक कुटाय?" डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि या वेळी तिने ते पुसलंही नाही. मी पण रडत होते, हसतही होते. सुहास अंगणात जाऊन उभा राहिला.

मग तिने चष्मा लावला आणि स्क्रीनला नाक लागेल इतकी वाकून डावी बाजू पाहिली. तिलाही तिथे वाफच दिसली. चष्मा काढला, डोळे मिटले आणि तशीच बसून राहिली.

"आता दिसत्यात," म्हणाली.

थोड्या वेळाने सुहास आत आला. त्याला वाटलं आपण मदत करतोय. "मग तेवढी डावी बाजू क्रॉप करून पाठव की. पास होईल."

"न्हाई," आत्या म्हणाली. "त्यास्नी कापायचं न्हाई."

त्यामुळे तो फोटो एजन्सीकडे पुन्हा गेला नाही. खरं सांगते, त्याहून चांगला फोटो मी काढलेला नाही.

शोध घ्यायचा तेवढा घेतला. मूळ फाइल ओळखीच्या फोटोग्राफर्सना काही न सांगता दाखवली, सगळ्यांना एकच बाई दिसली. एजन्सीला लिहिलं की त्या गृहस्थांभोवती खूण करून पाठवा, तर छापील उत्तर आलं की हा विषय बंद करण्यात आला आहे. मेल अजून माझ्याकडे आहे. बाह्या, मिशी, काडी, उजवा हात, सगळं जसंच्या तसं. ज्या बाईला पार्टवरचा केसाएवढा ओरखडा दिसतो, तिला तिथे अजूनही काही दिसत नाही.

फोटो मोठा करून फ्रेममध्ये लावून दिलाय. परवा आत्याचा फोन आला होता. शेजारीण फोटो बघून म्हणाली म्हणे, तुमी अशा कडंला, आन् ह्या अंगाला एवडी जागा रिकामी का सोडली?

"मग काय सांगितलंस?"

"सांगितलं, रिकामी कुटं हाय? नीट बग."